आजचं चिंतन : रिलीजचं श्रेय कुणाचं?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कंपनीत सध्या अप्रेझलचा मोसम आहे. फॉर्म भरून झालेत, काहींचं रेटिंग कळलंय, काहींचं कळायचंय. म्हणून आजच्या श्लोकांबद्दल लिहिताना मी माझीच एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला फारशी सोपी नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका बँकेच्या कर्जखात्यांचं मायग्रेशन केलं. जुना डेटाबेस बंद, नवा सुरू. शनिवारी रात्री अकरा ते रविवारी पहाटे पाच एवढीच वेळ मिळाली होती. चार वाजेपर्यंत सगळं जुळलं नाही तर रोलबॅक करायचं, म्हणजे चार महिन्यांच्या कामावर पाणी. खात्यांची संख्या जुळली, पण व्याजाच्या एकूण बेरजेत काही पैशांचा फरक येत होता. एका कॉलममध्ये दशांशानंतर चारऐवजी दोनच आकडे जात होते. मी स्क्रिप्ट दुरुस्त केली, पुन्हा चालवली आणि पावणेचारला हिरवा कंदील मिळाला.

तीन आठवड्यांनी टाउन हॉलमध्ये या मायग्रेशनसाठी आमच्या लीडला पुरस्कार मिळाला. स्टेजवर त्यांनी ‘टीम’चे आभार मानले, नाव कुणाचंच घेतलं नाही. पुढच्या महिन्यात माझं रेटिंग आलं : पाचपैकी तीन. म्हणजे ‘अपेक्षेप्रमाणे’!

त्या रात्री मी राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला. बायको म्हणाली, “सकाळी पाठव. रात्री लिहिलेलं काही पाठवू नये.”

सकाळी नेहमीप्रमाणे गीता उघडली. क्रमाने वाचत होतो, त्यामुळे समोर आले ते हेच श्लोक.

भगवान काय सांगतात?

कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधाराने कर्म घडतं तो देह. दुसरा कर्ता. तिसरं करण, म्हणजे इंद्रियं, साधनं. चौथ्या वेगवेगळ्या चेष्टा, म्हणजे हालचाली, खटपटी. आणि पाचवं दैव. शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करतो, चांगलं असो वा वाईट, त्यामागे हे पाचही असतात. असं असूनही जो फक्त स्वतःकडेच कर्तेपण घेतो, त्याला खरं दिसतच नाही, असं सोळावा श्लोक स्पष्ट सांगतो.

आचार्यांनी या श्लोकाचा अर्थ आत्म्याच्या अकर्तेपणापर्यंत नेला आहे. तेवढ्या खोलात जायची माझी पात्रता नाही. मी माझ्यापुरता साधा प्रयोग केला. वही घेतली आणि त्या शनिवारच्या रात्रीची पाच कारणं लिहायला बसलो.

देह : त्या रात्री मला ताप नव्हता, डोकं चालत होतं. आठवडाभर घरचं सगळं बायकोने ओढलं म्हणून मी दुपारी चार तास झोपू शकलो होतो.

कर्ता : मी. हे तर आहेच.

करण : माझे हात, डोळे, लॅपटॉप. आणि कंपनी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याची तपासणीची स्क्रिप्ट, जी मी नुसती वापरली.

चेष्टा : डेटाबेसवाले, नेटवर्कवाले, बँकेच्या बाजूने जागे असलेले दोघं. आणि टेस्टिंगमधली मुलगी.

इथे पेन थांबलं.

कारण व्याजातला तो फरक मी शोधलाच नव्हता. खात्यांची संख्या जुळल्यावर मी ‘झालं’ म्हणालो होतो. आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली ती मुलगी दोन चाळीसला म्हणाली, “सर, व्याजाची बेरीज एकदा बघता का? मला पैशांत फरक दिसतोय.” मी आधी तिला म्हणालो, “राउंडिंग असेल, सोड.” तिने सोडलं नाही, म्हणून ते सापडलं.

मी माझा अप्रेझलचा फॉर्म उघडला. त्यात लिहिलं होतं : ‘मायग्रेशनच्या रात्री गंभीर त्रुटी वेळेत शोधून दुरुस्त केली.’ तिचं नाव कुठेच नव्हतं. अख्ख्या फॉर्ममध्ये एकाही दुसऱ्या माणसाचं नाव नव्हतं.

लीडने माझ्याशी जे केलं, तेच मी तिच्याशी केलं होतं. फरक इतकाच की त्यांच्याकडे स्टेज होतं आणि माझ्याकडे फॉर्म.

मग कौतुकाची भूक चुकीची का?

मला तसं वाटत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की कामात तुम्हाला खूप बरं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी. १९५९ साली त्याचं पुस्तक आलं. वाईट वाटण्यामागे बहुतेक वेळा कंपनीची धोरणं, वरिष्ठांची वागणूक अशी कारणं होती. बरं वाटण्यामागे काहीतरी साध्य झाल्याचा आनंद, कुणीतरी दखल घेणं आणि प्रत्यक्ष काम ही कारणं वर होती. दखल घ्यावीशी वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे.

आपल्या क्षेत्रात ही भूक जास्त लागते, कारण इथलं चांगलं काम दिसतच नाही. सर्व्हर पडला की वीस जण फोन करतात, वर्षभर पडला नाही म्हणून कुणी फोन करत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ त्रुटी उघड झाली, तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटचा केवढा मोठा भाग ज्याच्या भरवशावर सुरक्षित चालला होता, ते सॉफ्टवेअर मोजकी माणसं तुटपुंज्या पैशांवर सांभाळत होती. चूक सापडेपर्यंत त्यांची नावं कुणी विचारली नव्हती.

त्यात रेटिंगचा बेल कर्व्ह. टीममधल्या ठरावीक टक्के लोकांनाच वरचं रेटिंग द्यायचं, म्हणजे एकाला वर नेलं की दुसऱ्याला खाली आणावं लागतं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये बंद केली, पण अनेक ठिकाणी ती या ना त्या रूपात चालूच आहे. अशा ठिकाणी आपलं सगळं समाधान त्या एका आकड्यावर टांगून ठेवणं म्हणजे घराची किल्ली शेजाऱ्याकडे देऊन दारात बसणं.

दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आपल्याला पाठ असतो. त्याचा सोयीस्कर अर्थ लावून ‘फळाची अपेक्षा करू नका’ असं सांगणारे मॅनेजरही भेटतात. पण योग्य पगार मागणं, झालेलं काम नोंदवणं, अन्याय झाला तर विचारणं हेही कर्तव्यच आहे. त्याच श्लोकाचा शेवटचा भाग आपण विसरतो : कर्म न करण्याकडेही ओढ नको. रेटिंग कमी आलं म्हणून आता फक्त हजेरीपुरतं काम करायचं, हेही गीतेला मान्य नाही.

माउलींचं अप्रेझल

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वर महाराजांनी नेवाशात सुमारे ९००० ओव्यांचा ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा त्यांचं वय विशीच्या आत. एवढं काम झाल्यावर त्यांनी देवाकडे मागितलं ते पसायदान, आणि त्यात स्वतःसाठी काहीच नाही. सगळ्या जीवांसाठी मागणं आहे. ग्रंथभर श्रेय दिलं आहे ते सद्गुरू निवृत्तिनाथांना. आणि अगदी शेवटी, ग्रंथ कधी झाला हे सांगणाऱ्या ओवीत, तो ज्यांनी लिहून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचं नाव आदराने नोंदवलेलं आहे. सात शतकं उलटून गेली, तरी लिहून घेणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे.

माझ्या फॉर्ममध्ये आठ महिन्यांच्या मुलीला एक ओळ मिळाली नव्हती.

पुढे काय झालं?

फॉर्म लॉक झाला होता, बदलता आला नाही. सोमवारी मी मॅनेजरला मेल लिहिला, लीडला आणि त्या मुलीला कॉपीत ठेवलं : व्याजातली चूक तिने शोधली, मी तर ती सोडून देणार होतो. मग मॅनेजरला भेटून माझ्या रेटिंगबद्दलही शांतपणे विचारलं. “या वर्षी वरच्या जागा भरल्या होत्या,” एवढंच उत्तर मिळालं. रेटिंग तीनच राहिलं.

मुलीचा रिप्लाय आला : “थँक्यू सर. मला वाटलं होतं, ते कुणाच्या लक्षातच नाहीये.”

राजीनाम्याचा ड्राफ्ट मी त्या दिवशी डिलीट केला. राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. टाउन हॉलचा मेल आला की अजून थोडं टोचतं. पण काम संपल्यावर मिळणारा आनंद आता मी कुणाच्या घोषणेसाठी थांबवून ठेवत नाही. बेरीज जुळली, खातेदाराचा एक पैसाही चुकला नाही, हे मला माहीत आहे आणि पांडुरंगालाही.

आजची साधना

१. अलीकडे पूर्ण झालेलं एखादं काम घ्या आणि त्याची पाच कारणं वहीत लिहा. ‘चेष्टा’ या रकान्यात माणसांची खरी नावं लिहा.

२. त्यातल्या एकाला आज मेल करा. ‘छान काम’ एवढंच नको, नेमकं काय केलं ते लिहा. जमलं तर त्यांच्या मॅनेजरलाही कळू द्या.

३. झोपण्यापूर्वी दिवसाचं काम देवापुढे ठेवा, बिघडलेलंही.

देवा, माझ्या कामाची दखल कुणी घेतली तर मला नम्र ठेव. नाही घेतली तर कडवट होऊ देऊ नकोस. आणि दुसऱ्याच्या कामाची दखल घ्यायची वेळ येईल, तेव्हा माझी नजर चुकू देऊ नकोस.

श्रीकृष्णार्पणमस्तु. उद्या भेटू, सतराव्या श्लोकासोबत.