गाडी ॲपमध्ये दिसत नाही

प्रश्न : मेहुण्यांनी परदेशातून आणलेली इलेक्ट्रिक गाडी आता माझ्याकडे, नारायणगावला आहे. मोबाइल ॲपशी जोडलीच जात नाही. काय करू?

उत्तर : दोष बहुधा तुमच्या फोनचा नाही. ॲपचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून गाडीतल्या सिमकडे जातो आणि परदेशी सिम इथे चालेलच असे नाही. आधी मेहुण्यांना त्यांच्या खात्यातून गाडी काढायला सांगा. यातच बरेच जण अडकतात. गाडीत वाय-फाय असेल तर हॉटस्पॉट देऊन पाहा. यंत्रणा 2जीची असेल तर मात्र आशा सोडा. ब्रिटनमध्ये 2016 पर्यंतच्या निसान लीफचे ॲप त्यापायीच एप्रिल 2024 मध्ये बंद झाले. मग ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावा. भीमाशंकरच्या वाटेवर रेंज गेली तरी बॅटरीची माहिती फोनवर दिसेल.