दीर्घकालीन हृदयविकार : चालणे, धाप आणि घरातील दिनक्रम

भिलाईच्या सेक्टर 2 मधील घरांत जी पिढी आज साठी-सत्तरीत आहे, तिच्यापैकी पुष्कळांचे आयुष्य पोलाद कारखान्याच्या पाळ्यांवर गेले, आणि त्यांच्या पत्नींचे आयुष्य त्या पाळ्यांचे डबे वेळेवर भरण्यात. नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेने येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हे चित्र परके वाटणार नाही. अशा घरात एखाद्याला हृदयविकाराचा झटका येतो, किंवा हृदयाची झडप खराब असल्याचे कळते, किंवा हृदयाची शक्ती कमी झाली आहे असे डॉक्टर सांगतात. रुग्णालयातील दिवस संपतात, औषधांची पिशवी घेऊन माणूस घरी येतो, आणि त्या दिवसापासून घरात एक वाक्य ऐकू येऊ लागते : "तुम्ही बसा, मी आणते."

या वाक्यामागे माया असते, याबद्दल शंका नाही. परंतु काही महिने हाच क्रम चालू राहिला, तर ज्या माणसाला दवाखान्यातून चालत घरी आणले, त्याला न्हाणीघरापर्यंत जाण्यासाठीही आधार लागू लागतो. हे हृदयामुळे झाले, असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात त्यातील मोठा वाटा पायांच्या स्नायूंचा असतो. ही गोष्ट नीट समजली, तर पुढील बरेच काही आपल्या हाती राहते.

विश्रांतीने काय होते

1959 साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळी जगभर हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगत असत. अमेरिकेतील बोस्टन शहरात लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी 1952 पूर्वीच अशा रुग्णांना पलंगाऐवजी आरामखुर्चीत बसवण्यास प्रारंभ केला होता, आणि तेवढेही तेव्हा धाडसाचे मानले गेले.

1966 मध्ये डॅलस येथे वीस वर्षांच्या आसपासच्या 5 निरोगी तरुणांना 3 आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची क्षमता फार घसरली. 30 वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली : तीन आठवड्यांच्या त्या सक्तीच्या विश्रांतीने जेवढी हानी केली होती, तेवढी वयाच्या तीस वर्षांनीही केली नव्हती. निरोगी तरुणाची ही अवस्था होते, तर आधीच अशक्त झालेल्या वडीलधाऱ्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार आपणच करावा.

स्नायू वापरले नाहीत तर ते बारीक होतात आणि रक्तातील प्राणवायू घेण्याची त्यांची क्षमता कमी होते. मग तेच काम करण्यासाठी हृदयाला अधिक धावावे लागते आणि धाप लवकर लागते. धाप लागते म्हणून माणूस आणखी बसून राहतो, आणि स्नायू आणखी बारीक होतात.

येथे इकोच्या अहवालाविषयीही सांगितले पाहिजे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, तो आकडा अहवालात असतो, आणि घरातील सर्वांचे लक्ष त्याच आकड्यावर खिळलेले असते. औषधे ठरवण्यासाठी डॉक्टरांना तो अत्यंत आवश्यक आहे. पण माणूस किती चालू शकेल, हे त्यावरून सांगता येत नाही. 30 टक्के असूनही बाजारहाट करणारे रुग्ण असतात आणि 60 टक्के असूनही दारापर्यंत जाताना दमणारे असतात. तेव्हा केवळ त्या आकड्यावरून आपल्या माणसाला खाटेवर बसवून ठेवू नये.

आपली शक्ती मोजावी कशी

जगभरचे डॉक्टर हृदयरुग्णांची चार श्रेणींत विभागणी करतात, तीही रोजच्या कामांवरून. पहिल्या श्रेणीत नेहमीच्या कामाने धाप लागत नाही. दुसऱ्यात जिना चढताना, भरभर चालताना लागते. तिसऱ्यात अंगावर कपडे चढवताना, न्हाताना, घरातल्या घरात फिरतानाही लागते. चौथ्यात बसल्या जागी लागते. आपण कोणत्या श्रेणीत आहात, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. आपल्याकडे अंगावर काढण्याची सवय फार आहे. "बरे आहे" एवढेच उत्तर देऊन परतलेल्या रुग्णाचे औषध वाढवावे की कमी करावे, हे डॉक्टरांना कसे कळणार?

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच घडते. स्वयंपाक करताना मध्येच ओट्याला टेकून उभे राहावे लागते, पीठ मळताना दम लागतो, पायऱ्या चढण्याचे टाळले जाते. आणि या सर्वांवर "वय झाले" हा शेरा मारून विषय संपवला जातो. सहा महिन्यांपूर्वी जे काम सहज होत होते आणि आज होत नाही, ते वयाच्या खाती टाकण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे.

दवाखान्यात सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेतात. साधारण 30 मीटर लांबीच्या सपाट मार्गावर रुग्णाने आपल्या गतीने ये-जा करावयाची, वाटल्यास थांबावयाचे, आणि सहा मिनिटांत किती अंतर झाले ते नोंदवावयाचे. अंतर 300 मीटरपेक्षा कमी भरले, तर डॉक्टर त्या रुग्णाकडे अधिक बारकाईने लक्ष देतात. ही चाचणी घरी स्वतःहून करू नये. घरी याहून सोपे माप पुरते. आपल्या रस्त्यावरील विजेचे खांब मोजावेत. या सोमवारी न थांबता किती खांब चाललात आणि पुढील सोमवारी किती, एवढे दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवावे.

चालण्यास प्रारंभ

डॉक्टरांची अनुमती घेतल्यावाचून प्रारंभ करू नये. बसल्या जागी छातीत दुखत असेल, वजन वाढत असेल, पायांची सूज चढत असेल, ताप असेल, चक्कर येत असेल, किंवा झडप फार अरुंद झाली आहे असे सांगितले असेल, तर व्यायाम थांबवून आधी उपचार घ्यावेत. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णासाठी मात्र चालणे हे औषधांच्या जोडीचे औषध आहे. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स येथील 2,331 हृदयदुर्बल रुग्णांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित व्यायाम सुरक्षित ठरला. त्या रुग्णांचे जीवनमान सुधारले. ती सुधारणा थोडी होती, पण पहिल्या काही महिन्यांतच दिसली आणि टिकून राहिली. चमत्काराची अपेक्षा करू नये, हेही त्यातच आले.

सकाळी पाच मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे, एवढ्यावरच आरंभ करावा. सेक्टरचे रस्ते रुंद व सपाट आहेत, झाडांची सावली आहे, तलावाचा काठ आहे. त्याचा लाभ घ्यावा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. होता होता दिवसाला 30 मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, येथवर पोहोचता आले तर उत्तम. त्यास तीन महिने लागले तरी हरकत नाही. पहिली काही मिनिटे सावकाश चालावे आणि शेवटची काही पुन्हा सावकाश. एकदम थांबू नये.

गती किती असावी? नाडी मोजण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळतो. परंतु हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांत नाडी अपेक्षेएवढी वाढतच नाही, त्यामुळे ते माप फसवे ठरते. बोलून पाहावे. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती योग्य; दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर गती कमी करावी.

मे महिन्यात येथील पारा 40 अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत सातच्या आत फिरून यावे. जेवणानंतर लगेच फिरावयास जाऊ नये. थंडीत मफलर घेऊन, ऊन पडल्यावर निघावे.

पायांच्या स्नायूंसाठी एक सोपा उपाय खुर्चीचा आहे. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. पाच वेळांपासून आरंभ करावा. उठताना श्वास रोखून धरू नये, श्वास सोडत उठावे. शौचाच्या वेळी कुंथणेही टाळावे. मलावरोध असेल तर डॉक्टरांना सांगण्यात संकोच कसला?

घरातील कामे

काम सोडून देऊ नये, कामाची रीत बदलावी. पाण्याने भरलेली मोठी बादली 15 ते 20 किलोची होते, हे आपल्या लक्षातही येत नाही. ती अर्धी भरून दोनदा न्यावी. भाजी खुर्चीवर बसून चिरावी. न्हाणीघरात स्टूल ठेवावे, पाणी कढत घेऊ नये. धुणे आणि झाडलोट एकाच सकाळी आटोपण्याचा अट्टाहास सोडावा. वडीलधाऱ्यांना उठून स्वतःचा पेला स्वतः भरू द्यावा. सूनबाईंनी, मुलांनी जवळ असावे, पण हात पुढे करण्याची घाई करू नये.

मीठ हा मोठा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ सांगते. वरणातले मीठ कमी करून ताटात पापड, लोणचे आणि तळलेली सांडगी मिरची वाढली तर काय साधले? उन्हाळ्यातील बासीही मीठ आणि लोणच्यावाचून, कांद्याबरोबर खावी. बाजारात मिळणारे 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरते.

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी परस्पर आणणे, ही आपल्याकडील सर्रास दिसणारी चूक. या गोळ्यांनी शरीरात पाणी साठते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. चांगला स्थिर असलेला हृदयरुग्ण एवढ्या कारणाने रुग्णालयात दाखल होऊ शकतो.

लघवी वाढवणारी गोळी लग्नकार्याच्या किंवा प्रवासाच्या दिवशी चुकवली जाते. कारण उघड आहे, बसमध्ये सोय नसते. परंतु ती न घेण्यापेक्षा त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे. तीन दिवसांत 2 किलोहून अधिक वाढ झाली, तर ती अन्नाची नसून साठलेल्या पाण्याची असते. त्याच दिवशी दवाखान्याशी संपर्क साधावा. रात्री झोपताना एक उशी पुरत होती आणि आता तीन लागतात, किंवा मध्यरात्री धापेने जाग येऊन खिडकीशी बसावे लागते, हीदेखील तीच सूचना आहे.

छातीत दुखू लागले तर तेथेच थांबून बसावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल तर बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत आराम पडला नाही, घाम सुटला, किंवा शुद्ध हरपू लागली, तर 108 वर फोन करावा. स्वतः स्कूटर चालवत रुग्णालय गाठण्याचा प्रयत्न करू नये.

मन आणि संसार

दीर्घकालीन हृदयविकाराच्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. ते रडण्यातून दिसेलच असे नाही. माणूस चिडचिड करतो, औषध नाकारतो, ओळखीचे लोक आले तरी आतल्या खोलीत पडून राहतो. पाळीवर शेकडो टन लोखंडाची जबाबदारी सांभाळलेल्या माणसाला पेलाभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे किती जड जात असेल! त्यावर उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांना सांगावे, किंवा टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलावे.

आणखी एक प्रश्न, जो रुग्ण क्वचितच विचारतात आणि मनात भीती धरून बसतात : पती-पत्नीचे संबंध ठेवावेत की नाही? दोन जिने छातीत न दुखता आणि फार धाप न लागता चढता येत असतील, तर बहुधा काही अडचण नसते. मात्र जिभेखालची गोळी किंवा त्या वर्गातील अन्य औषध चालू असताना लैंगिक शक्तीची कोणतीही गोळी घेऊ नये. दोन्हींमुळे रक्तदाब एकदम कोसळतो.

पुढील तपासणीस जाताना वजनाची वही, खांबांची नोंद असलेली दिनदर्शिका, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, गुडघ्यासाठी आणलेल्या व वैद्यांकडून घेतलेल्या औषधांसह, एकाच पिशवीत घालून न्याव्यात. 70 वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. ते काढले नसेल तर त्याच फेरीत चौकशी करावी. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या लसींविषयीही तेव्हाच विचारावे.