पाठीवरील ओझ्याचा अभ्यास : डोंगरात मुक्कामी निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

डोंगरात मुक्कामी जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपले सामान कसे निवडावे व कसे बांधावे, हा विषय कोणत्याही इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात आढळत नाही. तो कोणी शिकवला नाही तर डोंगर शिकवतो. मात्र डोंगराच्या शिकवणीचे शुल्क जबर असते. मुलांच्या गटात एकाचे ओझे जड झाले की सर्वांची चाल मंदावते, आणि चाल मंदावली की दिवसाउजेडी उतरायची वाट अंधारात उतरावी लागते. वाढलेल्या गवतात बुजलेली पायवाट, सुट्या मुरमाचा घसारा आणि विजेरी सॅकच्या तळाशी बांधून बसलेली तीस मुले, एवढ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अपघाताला वेगळे कारण लागत नाही. या विषयाकडे आम्ही हौसेची बाब म्हणून पाहत नाही, ते याच कारणाने.

विवेचन हवेत राहू नये यासाठी एक ठरावीक वाट समोर ठेवू. कर्जतहून कोंदिवडे गाठावे, तेथून कोंडाणे लेणी पाहून चढणीने राजमाचीच्या उधेवाडीत मुक्कामाला जावे. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहावेत. तिसऱ्या दिवशी सुमारे १५ किलोमीटरची सौम्य वाट चालून लोणावळ्यास उतरावे. दोन रात्री, तीन दिवस, महिना मार्गशीर्ष किंवा पौष. बोरघाटाच्या परिसरातील या वाटा फार जुन्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून कोकणातील बंदरांचा माल याच भागातून देशावर चढत असे, आणि कोंडाणे, भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी त्या रहदारीच्या आसपासच कोरली गेली. तेव्हाच्या वाटसरूंनी आपल्या पाठीवर काय काय घेतले असेल, याचा विचार करीत ही चढण चढावी. ती लवकर सरते.

प्रथम वजनाचा हिशेब. अंदाजाने सामान बांधू नये, तराजूवर ठेवावे. वाढत्या वयाच्या मुलाने आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतके ओझे घ्यावे. धट्टाकट्टा, सराव असलेला मुलगा असला तरी पाचव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नये. नववीतील विद्यार्थ्याचे वजन ४२ किलो धरले तर सहावा हिस्सा ७ किलो होतो. त्यातील १ किलो रिकाम्या सॅकचा आणि २ किलो दोन लिटर पाण्याचे. चार किलो उरले. अंथरूण-पांघरुणाला दीड किलो, कपड्यांना एक, ताट-वाटी व शिध्यातील आपल्या वाट्याला एक; राहिलेल्या अर्ध्या किलोत बाकी सारे जग बसवायचे. हा हिशेब फळ्यावर मांडला की वर्गात हमखास शांतता पसरते, कारण प्रत्येकाच्या मनात एखादी तरी वस्तू असते जी त्या अर्ध्या किलोत मावत नाही. ती कोणती, ते ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही फक्त तराजू पुढे करतो.

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांची यादी आपल्या विद्यार्थ्यांना पाठ आहे: तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. वर्षावासाचे महिने सोडले तर सतत पायी चालणाऱ्या माणसांनी ती ठरवली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा निराळा अर्थ उलगडतो. अंग झाकणे, अन्न घेणे, फाटले ते शिवणे, पाणी गाळणे, यांपलीकडे तीत जवळजवळ काहीच नाही. पदयात्रेच्या सामानाची याहून आटोपशीर यादी आमच्या पाहण्यात नाही. अर्थात आपल्याला गॅसची शेगडीही लागते आणि पौषातील रात्री कानटोपीही.

आता सॅकविषयी. चांगल्या सॅकची खूण तिच्या कमरपट्ट्यात असते. रुंद पट्टा कमरेच्या हाडांवर बसवून घट्ट आवळला की बहुतेक ओझे कमरेवर आणि तेथून पायांवर उतरते. खांद्यांनी केवळ तोल सांभाळायचा. पट्टा पोटावर बांधला तर श्वास कोंडतो आणि भार पुन्हा खांद्यांवरच येतो. सॅक चढवल्यावर आधी कमरपट्टा, मग खांद्यांचे पट्टे, हा क्रम मोडू नये. वसतिगृहातील सर्वांकडे अशी सॅक नसते, हे आम्ही जाणून आहोत. शाळेच्या दप्तरातही दोन रात्रींचे सामान बसते. त्याच्या खालच्या बाजूने एखादी जुनी ओढणी ओवून कमरेला बांधली तर धावताना-उतरताना दप्तर पाठीवर आपटत नाही. ही युक्ती आम्ही एका विद्यार्थिनीकडून शिकलो आणि तेव्हापासून दरवर्षी दाखवतो.

भरण्याचा क्रम हा या पाठाचा गाभा आहे. रात्रीपर्यंत न लागणारे आणि हलके ते तळाशी: पांघरूण, झोपताना घालायचे कपडे. जड वस्तू मध्यभागी, आणि तीही पाठीला लागून. खांद्याच्या पात्यांच्या दरम्यान येतील अशा: शिधा, भांडे, पाण्याची मोठी बाटली. जड वस्तू पाठीपासून लांब, बाहेरच्या बाजूला गेली तर सॅक मागे ओढते, मूल पुढे वाकते, आणि वाकलेल्या मुलाला चढणीवर चार पावलांपलीकडचे दिसत नाही. डावी-उजवी बाजू समतोल हवी. टोपी, विजेरी, खाऊ आणि औषध सर्वांत वर. बाहेर लोंबणारे काही नको. करवंदीच्या जाळीत अडकलेला पेला आणि त्याच्या मालकाचा गेलेला तोल आम्ही पाहिला आहे. भरून झाले की सॅक पाठीवर घेऊन वसतिगृहाचा जिना दोनदा चढावा-उतरावा. जे टोचायचे ते तेथेच टोचते.

सॅकच्या आत प्रथम एक मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी बसवावी आणि सारे सामान तिच्यात भरावे. पौषात पाऊस नसतो हे खरे. पण पहाटेचे दव असते, सहाध्याय्याची गळकी बाटली असते. बाहेरून चढवायचे आवरण पाऊस अडवते, गळती अडवत नाही.

कपड्यांत सुती कापडाचा मोह आवरावा. एरवी आम्ही सुती कपड्याचे पक्षपाती आहोत. परंतु घामाने भिजलेला सुती सदरा लवकर वाळत नाही, आणि संध्याकाळी माथ्यावरचा वारा सुटला की तोच सदरा अंगातील ऊब शोषून घेतो. खेळाच्या तासाला घालतो ती कृत्रिम धाग्याची जर्सी येथे उत्तम. जीन्स आणू नये: कोरडी असताना जड, भिजल्यावर दुप्पट जड, आणि मोठ्या पायरीवर गुडघा उचलू देत नाही. अंगावर एक जोड, सॅकमध्ये एक, आणि केवळ झोपण्यासाठी राखलेला एक कोरडा जोड. हा तिसरा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी काढायचा नाही. त्यावर स्वेटर आणि कानटोपी. धनगरांची घोंगडी ओलसर झाली तरी ऊब देते, म्हणून तिला तोड नाही. पण तिचे वजन पाहता ती त्यांच्या खांद्यावरच शोभते. आपल्याला एक कॅरीमॅट आणि दुहेरी चादर किंवा हलके ब्लँकेट पुरे. अंगाखाली काही न घेता दोन-दोन पांघरुणे ओढणारी मुले रात्रभर कुडकुडतात, कारण थंडी जमिनीतून वर येते. एकच वस्तू घेण्याइतकी जागा उरली असेल तर अंथरूण घ्यावे.

पायांकडे मात्र सर्वांत अधिक लक्ष पुरवावे. सहलीसाठी आदल्या दिवशी आणलेले नवे बूट हे दुखण्याचे आमंत्रण होय. बूट किमान तीन-चार आठवडे वापरलेला, तळव्याला खोल खाचा असलेला आणि पुढे अंगठ्याइतकी मोकळीक असलेला हवा. उतारावर बोटे पुढे सरकतात आणि तंग बुटात नखे काळीनिळी पडतात. निघण्यापूर्वी नखे कापावीत. मोज्यांचे तीन जोड: एक पायात, एक सॅकवर वाळत, एक रात्रीसाठी कोरडा. टाचेला चुरचुरू लागले की त्याच क्षणी थांबून सांगावे आणि तेथे चिकटपट्टी लावावी. ‘वर पोहोचल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्याच्या टाचेला तोवर फोड आलेला असतो आणि पुढचे दोन दिवस तो स्वतःच एक ओझे बनून राहतो. मुले हे संकोचाने दडवतात. गटप्रमुखांनी पहिल्याच विसाव्याला प्रत्येकाच्या टाचा विचाराव्यात.

पाणी दोन लिटर, दोन बाटल्यांत. एक फुटली तर दुसरी राहते. डोंगरातील टाक्यांचे पाणी कपड्याने गाळल्यास गाळ जातो, जंतू जात नाहीत. ते उकळून किंवा क्लोरीनचे थेंब घालून, अर्धा तास थांबून मगच प्यावे. क्षार-साखरेची पुडी जवळ ठेवावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट. खाऊला गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. बिस्किटांचा चुरा होतो.

विजेरी प्रत्येकाची स्वतंत्र, शक्यतो कपाळावर बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात. दिवसा सॅकमध्ये ती आपोआप चालू होते. म्हणून एक सेल उलटा घालून ठेवावा. शिट्टी गळ्यात असावी. संकटाची गिर्यारोहकांत रूढ असलेली खूण अशी: मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, उत्तर देणाऱ्याने मिनिटात तीन वाजवाव्यात. गंमत म्हणून शिट्टी वाजवणाऱ्याची शिट्टी काढून घेतली जाते, आणि ही शिक्षा आम्हांला कठोर वाटत नाही. दात घासण्याचे साहित्य, साबणाचा तुकडा, पंचा, सुईदोरा, ओळखपत्र: यांवर अधिक लिहिण्यासारखे नाही.

ज्यांना दमा आहे त्यांचा पंप सॅकच्या वरच्या कप्प्यात आणि दुसरा शिक्षकांजवळ असला पाहिजे. नियमित औषधे घेणाऱ्यांनी दोन दिवसांचा जादा साठा न्यावा आणि आपला आजार निदान एका शिक्षकास व एका मित्रास सांगावा. मुलींनी पाळीची तारीख लांब असली तरी पॅड जवळ ठेवावेत; दगदगीने तारीख मागेपुढे होऊ शकते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या बंद पिशवीतून परत आणायचे. या गोष्टी कुजबुजीने सांगण्याच्या नाहीत, म्हणून आम्ही त्या येथे छापून टाकल्या.

नेऊ नये अशा वस्तूंत अत्तर आणि सुगंधी फवारे सर्वांत वर येतात. सह्याद्रीतील कडे आणि लेण्यांच्या कपारी ही आग्या मोहोळांची घरे असतात; उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या माश्या चवताळतात. एकदा त्या उठल्या की हात झाडत उभे न राहता डोके-तोंड झाकून लांब निघून जाणे एवढाच उपाय उरतो. सोन्याची साखळी, मोठा स्पीकर, काचेच्या बाटल्या यांना घरीच विश्रांती द्यावी. मोबाइल शिक्षकांजवळ असतो, तेवढ्याने भागते.

सामानाची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी होते. ती सर्वांसमोर सॅक रिकामी करून घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. एखाद्याच्या चादरीला ठिगळ असते, एखाद्याजवळ स्वेटरच नसतो. वर्गासमोर हे उघडे पडले की तो मुलगा ऐनवेळी ताप आल्याचे सांगून घरी राहतो. म्हणून प्रत्येकाला पाच मिनिटे वेगळे बोलवावे, यादी वाचावी, आणि जे नाही ते शाळेच्या कोठीतून न बोलता त्याच्या हाती द्यावे. कोठीत स्वेटर, कॅरीमॅट आणि विजेऱ्या यांचा साठा त्यासाठीच ठेवायचा असतो. सामाईक सामान मात्र उघडपणे, वजन करून वाटावे. पातेली आणि शेगडी थोरल्यांकडे, तांदूळ-डाळ थोडी थोडी सर्वांकडे, प्रथमोपचाराच्या दोन पेट्या: एक सर्वांत पुढे चालणाऱ्याजवळ, दुसरी सर्वांत मागच्याजवळ. वाटेत कोणी थकला तर त्याची अख्खी सॅक दुसऱ्याने उचलू नये. त्यातील एक-दोन जड वस्तू चौघांत वाटून घ्याव्यात. त्याची सॅक त्याच्याच पाठीवर राहू द्यावी.

परत आल्यावर, अंग टाकण्यापूर्वी, सॅक उलटी करून वस्तूंचे तीन ढीग करावेत: रोज वापरलेल्या, क्वचित वापरलेल्या, हातही न लागलेल्या. औषध, विजेरी आणि कोरडा जोड सोडून तिसऱ्या ढिगातले सारे पुढच्या यादीतून खोडावे; जे हवे होते आणि नव्हते, ते त्या यादीत लिहावे. कॅरीमॅट उन्हात घालावी, विजेरीतील सेल काढावेत, सॅक झटकून, पुसून, पूर्ण वाळवून मगच कोठीत जमा करावी. ओली सॅक घडी करून ठेवली तर पुढच्या वर्षी ती ज्याला मिळेल, त्याला बुरशीचा वास पाठीवर घेऊन तीन दिवस चालावे लागेल.