भाड्यातून हप्ता फिटेल का?

प्रश्न : मी नोकरदार आहे. कोल्हापुरात चाळीस लाखांचा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा विचार आहे. 'चांगले फ्लॅट टिकत नाहीत, आजच टोकन द्या, हप्ता भाड्यातूनच फिटेल,' असं एजंट म्हणतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे खरं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, विचार चांगला आहे, पण आज टोकन देऊ नका. तीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता साधारण २६,००० रुपये बसतो. भाडं बारा हजार धरलं, तरी दरमहा चौदा हजार पदरचे जातील. शिवाय मेंटेनन्स, घरफाळा आणि भाडेकरू नसलेले महिने. हे झेपत नसेल, तर शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात जुना, लहान फ्लॅट पाहा आणि कर्ज कमी घ्या. स्वतःचं घर असेल, तर वर एखादी खोली बांधून भाड्याने देणं मला जास्त सुरक्षित वाटतं. अर्थात बांधकाम परवाना घेऊनच.

स्वस्त फ्लॅट दिसला की आधी पूररेषा तपासा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारा. नवं बांधकाम असेल, तर महारेराची नोंदणी पाहा. टोकनाआधी कागदपत्रं वकिलाला दाखवा.

अकरा महिन्यांचा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइनही होते.