विकीच्या डेटाबेसचा बॅकअप : अपयशाचे निदान

बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे 'अर्का' वाण आणि हेब्बाळ येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोची मित्रकीटकांविषयीची माहिती मराठी शेतकऱ्यांच्याही उपयोगाची आहे. अशा माहितीला स्थानिक अनुभवांची जोड देऊन एखादे विस्तार केंद्र स्वतःच्या सर्व्हरवर विकी चालवू शकते. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र लेखांचा सर्व मजकूर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी डेटाबेसमध्ये असतो आणि त्याचा बॅकअप घेण्याची जबाबदारी सर्वस्वी केंद्राची असते.

बॅकअप बंद पडल्याचे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळावर काम करताना एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली. त्यानंतर उघड झाले की बॅकअपचे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्याने रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. अपयश कळविणारे ई-मेलही प्रमाणीकरणाअभावी नाकारले जात होते. अन्य कामासाठी योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या प्रतीमुळे बरीचशी माहिती परत मिळाली.

निदानाचा आरंभ फाइलच्या आकारापासून करावा. बॅकअप दाबून ठेवण्यासाठी डंपचे आउटपुट जीझिपकडे पाठविण्याची पद्धत सर्रास आढळते. पासवर्ड बदलल्यामुळे मायएसक्यूएलडंप सुरुवातीलाच थांबला तरी जीझिप यशस्वी ठरतो आणि केवळ २० बाइटची रिकामी फाइल तयार होते. दिनांक ताजा, फाइल जागेवर, आत काहीच नाही! स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' हा पर्याय चालू केल्यास असे अपयश दडून राहत नाही. शिवाय डंप पूर्ण झाल्यास फाइलच्या शेवटच्या ओळीत तसा उल्लेख असतो. ती ओळ नसल्यास डिस्क भरली का किंवा मोठ्या नोंदीमुळे जोडणी तुटली का, हे तपासावे.

हाताने चालविलेली आज्ञा यशस्वी होते, पण रात्री क्रॉनमधून होत नाही, ही तक्रार वारंवार येते. क्रॉनला वापरकर्त्याचे सर्व मार्ग ठाऊक नसतात, म्हणून आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहावा. फाइलच्या नावात दिनांक घालताना वापरलेले टक्केचिन्ह क्रॉनटॅबमध्ये ओळ तोडते. त्यापूर्वी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मायएसक्यूएलच्या अद्ययावतीकरणानंतर 'प्रोसेस' अधिकार नसल्याची त्रुटी दिसू लागल्यास टेबलस्पेस वगळण्याचा पर्याय पुरेसा असतो. बॅकअपच्या खात्याला जादा अधिकार देण्याची गरज नाही.

मराठी विकीसाठी आणखी एक धोका महत्त्वाचा आहे. जुन्या स्थापनेत तक्ते लॅटिन वर्णसंचात नोंदलेले आणि प्रत्यक्ष मजकूर युनिकोडमध्ये, असे घडते. डंपच्या वेळी रूपांतर झाल्यास देवनागरीचा अक्षरगोंधळ होतो आणि तो पुनर्स्थापनेपर्यंत समजत नाही. अशा वेळी वर्णसंच 'बायनरी' असा स्पष्ट द्यावा.

बियाण्याची उगवणक्षमता जशी पिशवीवरील छपाईवरून ठरत नाही, तशी बॅकअपची खात्री त्याच्या नावावरून होत नाही. सीरियातील संघर्षात अलेप्पोची जनुकपेढी वापरता येईना, तेव्हा इकार्डा संस्थेने २०१५ मध्ये स्वालबार्डच्या बीजतिजोरीतून आपले नमुने परत घेतले आणि लेबनॉन व मोरोक्कोत त्यांची वाढ केली. विकीसाठीही दर तिमाहीस दुसऱ्या संगणकावर डेटाबेस उतरवून पाहावा. 'अर्का रक्षक' या टोमॅटो संकरावरील लेख उघडावा, त्याचा संपादन-इतिहास पाहावा, लॉगइन करून पाहावे. छायाचित्रे दिसली नाहीत तर घाबरू नये. ती डेटाबेसमध्ये नसतातच. 'इमेजेस' फोल्डर आणि लोकलसेटिंग्ज फाइल यांची प्रत वेगळी ठेवावी लागते.

प्रत त्याच इमारतीत मात्र ठेवू नये. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्या ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले. विस्तार केंद्रासाठी दुसऱ्या तालुक्यातील कार्यालयात ठेवलेली, कूटबद्ध केलेली हार्ड डिस्कही चालेल.