विरघळलेले तांबे जाते कुठे?

घरी सर्किट बोर्ड करताना तांब्याच्या थरावर ऑइलपेंटने जोडण्यांच्या रेषा काढतात. रंग वाळला की बोर्ड प्लास्टिकच्या भांड्यात, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. रंगाखालचे तांबे टिकते, उघडे विरघळते. हे काम शिक्षकांसमोर, हातमोजे व चष्मा घालूनच करा.

थर ०.०३५ मिलिमीटर जाड असेल, तर १० सेंटिमीटर बाजूच्या चौरस बोर्डावर सुमारे ३ ग्रॅम तांबे असते. विरघळलेले तांबे नाहीसे होते का? नाही! ते क्युप्रिक क्लोराइड होऊन द्रावणातच राहते आणि माशांना ते विषारी असते. वसईत सांडोरच्या परिसरात विहिरी आहेत, बावखले आहेत. म्हणून वापरलेले द्रावण मोरीत ओतू नका. प्लास्टिकच्या बाटलीत भरा, नाव लिहा आणि शिक्षकांकडे सोपवा.