दुसरी किल्ली कुठे आहे?
जुनी गाडी घेणाऱ्या गटांसाठी धडा



आपले बरेच गट आता पापड-लोणच्याच्या पुढे गेले आहेत. कोणी श्रीवर्धनकडून सुकी मासळी आणून माणगाव, इंदापूर, गोरेगावला विकतं, कोणी भाजी पोचवतं, कोणी जेवणाच्या ऑर्डरी घेतं. दर खेपेला टेम्पोचं भाडं परवडत नाही. म्हणून बैठकीत विषय निघतो, "आपलीच एक जुनी व्हॅन घेऊया का?" विचार चांगला आहे. पण एक गोष्ट राहून जाते, आणि ती माझ्याकडूनही राहिली होती. म्हणून हा धडा.

काय झालं होतं

आपल्या तालुक्यातल्या एका गटाने कर्ज काढून जुनी व्हॅन घेतली. व्यवहाराच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. इंजिन बघितलं, टायर बघितले, आरसी बुक, विमा, पीयूसी बघितलं. मालकाने एक किल्ली हातात दिली. एका काकींनी विचारलं, "दुसरी?" तो म्हणाला, "घरी कुठेतरी आहे, शोधून देतो." आम्ही पूर्ण पैसे देऊन टाकले. मलाही वाटलं, एका किल्लीसाठी कशाला ताणायचं?

पावसाळ्यात बाजारात माल उतरवताना ती एकुलती एक किल्ली चिखलात पडली. खूप शोधली, मिळाली नाही. जुन्या मालकाला फोन केला, तर त्याची दुसरी किल्ली "सापडतच नव्हती". बाजारातल्या किल्लीवाल्याने कुलुपावरून नवी किल्ली बनवून दिली. तिने दरवाजा उघडला, स्टार्टर फिरला, पण इंजिन चालू होईना. समोर काट्यांजवळ एक दिवा नुसता लुकलुकत राहिला. शेवटी गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली. तिथे त्यांनी आरसी बुक मागितलं. त्यावर नाव जुन्या मालकाचंच होतं. नाव बदलायचे फॉर्म सह्या करून आमच्याच पिशवीत पडून होते.

किल्ली मिळेपर्यंत अकरा दिवस गेले. मासळीला बुरशी लागली, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं, आणि हप्त्याची तारीख काही थांबली नाही. गटातल्या बायका मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण मला रात्री झोप लागली नाही.

किल्लीच्या आत काय असतं?

जुन्या गाड्यांची किल्ली म्हणजे नुसतं लोखंडाचं पातं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली लावली की गाडी चिपचा नंबर वाचते. नंबर ओळखीचा असला तरच इंजिन चालू होतं. याला इमोबिलायझर म्हणतात. म्हणूनच पातं हुबेहूब कापलं तरी गाडी चालू झाली नाही.

एक किल्ली हातात असताना दुसरी बनवणं सोपं असतं. एकही नसेल तर काम वाढतं, खर्च वाढतो. काही गाड्यांत आतला भागच बदलावा लागतो. साध्या पात्याची किल्ली काही शे रुपयांत होते, चिपवाली काही हजारांत जाते.

दुसरी किल्ली नाही, याचा अर्थ काय असू शकतो?

खरंच हरवली असेल. पण आणखीही कारणं असू शकतात.

१. किल्ली आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरकडे किंवा नातेवाइकाकडे असेल. म्हणजे आपली गाडी दुसरं कोणीतरी चालू करू शकतं.

२. गाडीवर कर्ज असेल. काही फायनान्सवाले कर्ज फिटेपर्यंत दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवतात. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसा आरसी बुकावरही असतो. तिथे बँकेचं किंवा फायनान्सचं नाव आहे का बघा. असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. गाडीचा मालक खरंच तोच आहे का, हाच प्रश्न असू शकतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून माहिती जुळवा. चासी नंबर गाडीवरून स्वतः वाचा आणि आरसी बुकाशी ताडून बघा.

विम्याशी काय संबंध?

गाडी चोरीला गेली आणि विम्याचा दावा केला, की कंपनी आरसी बुक आणि एफआयआर यांच्यासोबत गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागते. एकच किल्ली दिली की पुढचा प्रश्न येतो, "दुसरी कुठे?" आपल्याकडे लेखी उत्तर नसेल तर दावा अडकू शकतो.

किल्लीच्या निष्काळजीपणाचीही किंमत पडते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रकचोरीचं एक प्रकरण होतं. चालक पत्ता विचारायला खाली उतरला, किल्ली गाडीतच राहिली आणि ट्रक गेला. कंपनीने दावा नाकारला होता. न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे मालकाचा पाव हिस्सा गेलाच.

आणखी एक. गाडी आपल्या नावावर झाली तरी विमा आपोआप पूर्ण आपला होत नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर येतो, पण चोरी आणि आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा.

पैसे देण्याआधी

- दोन्ही किल्ल्या मागा. दोन्हींनी दरवाजा उघडून, इंजिन चालू करून बघा. नुसती दाखवलेली किल्ली धरू नका.
- किल्लीसोबत नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते, तीही मागा. किल्ली कापताना तो नंबर उपयोगी पडतो.
- दुसरी किल्ली नसेल तर नवी बनवायचा खर्च सर्व्हिस सेंटरला विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या.
- "नंतर देतो" म्हणाला तर काही रक्कम राखून ठेवा. किती, कधीपर्यंत, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की पिशवीत ठेवू नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत (गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपलं कार्यालय पेणला, एमएच-०६.

गाडी आधीच घेतली असेल आणि किल्ली एकच असेल तर

घाबरू नका, पण उद्यावरही टाकू नका. हातातली किल्ली आहे तोवरच दुसरी बनवून घ्या.

पहिलं काम, विकणाऱ्याकडून लेखी घ्या: "मी गाडीसोबत एकच किल्ली दिली, दुसरी माझ्याकडे नाही." खाली तारीख आणि सही.

दुसरं, त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. सोबत आरसी बुक, मालकाचं ओळखपत्र आणि हातातली किल्ली न्या. काही ठिकाणी पोलिसांचा हरवल्याचा दाखलाही मागतात. तिथे आठवणीने सांगा, "जुन्या सगळ्या किल्ल्यांची नोंद काढून टाका, फक्त या दोनच ठेवा." बऱ्याच गाड्यांत हे करता येतं. मग बाहेर राहिलेल्या किल्लीने इंजिन चालू होत नाही. दरवाजा मात्र उघडू शकतो. तीही भीती वाटत असेल तर कुलूपं बदलावी लागतात.

तिसरं, नव्या किल्लीची पावती जपा. उद्या विमा कंपनीने विचारलं तर तेच आपलं उत्तर.

पोलीस ठाण्यात नोंद करताना खरं तेच लिहा. किल्ली आपल्या हातून हरवली असेल तर तसं लिहा. मुळात मिळालीच नसेल तर "मिळाली नाही" असंच लिहा. काम लवकर व्हावं म्हणून कोणी वेगळं लिहायला सांगितलं तरी ऐकू नका. त्या कागदावर सही आपली असते.

गटासाठी नियम

आपल्याला हे नवीन नाही. गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हा नियम आपण पहिल्या बैठकीपासून पाळतो. गाडीलाही तोच लावा. एक किल्ली गाडी चालवणाऱ्याकडे, दुसरी वेगळ्या घरी, ठरलेल्या ताईकडे. दुसरी किल्ली गाडीतच ठेवून दिली तर ती असून नसल्यासारखी. कोणती किल्ली कोणाकडे, हे इतिवृत्तात लिहा. ताई बदलली की नवी नोंद करा.

त्या गटाच्या व्हॅनला आता दोन किल्ल्या आहेत. दुसरी, ज्या काकींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, त्यांच्याकडे. गटाने तसा ठरावच केला. त्या दिवशी त्यांचं विचारणं बरोबर होतं आणि माझं गप्प बसणं चुकलं. पुढच्या वेळी तुमच्यातली कोणी "दुसरी?" असं विचारेल, तेव्हा बाकीच्यांनी तिच्या मागे उभं राहा. उत्तर मिळेपर्यंत पैशाची पिशवी उघडू नका.

पुढच्या बैठकीत बोला

१. आपल्या गटाच्या किंवा घरच्या गाडीची दुसरी किल्ली आत्ता कुठे आहे?
२. आरसी बुक आणि विमा, दोन्हीवर नाव कोणाचं आहे?
३. विकणारा ओळखीचा असेल तर लेखी मागायला आपण का लाजतो?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. मी बैठकीला आले की आपण मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, माणगाव